जवारी

शुवैखच्या गॅरेजांच्या रांगेत, ऑगस्टात, दुपारी दोनला
रुवान म्हणाला, एसी बंद, इंजिन बंद, काचा वर.
आणि तुम्ही, प्लीज, बाहेर.

माझ्या डोक्याच्या जागी त्याने माइक उभा केला,
सीटला टेपने बांधून, कानांच्या उंचीवर.
उंची विचारली होती आधी. पाच-पाच, म्हणालो.
मग त्याने माइक दोन बोटं खाली घेतला.

गाडी दुसऱ्या हातची, एका कुवेती शाळामास्तराची प्राडो,
मागच्या सीटच्या फटीत त्याच्या मुलाचा लाल खडू अजून आहे.
स्टिरिओ कंपनीचाच राहणार, तोच पडदा, तीच बटणं.
प्रोसेसर सीटखाली जाईल,
पोळ्यांच्या डब्याहून लहान, किंमत तीन महिन्यांची बचत.
बायकोला फोनवर सांगताना मी आकडा जरा उतरवला.

रुवानने लॅपटॉपवर रेघ दाखवली:
आवाज वाढवला की स्टिरिओ गुपचूप खर्ज कापतो.
कारखान्यातच ठरलेलं. स्पीकर फाटू नये म्हणून.
म्हणजे चार वर्षं मी ऐकत होतो ते
कुणीतरी माझ्या भल्यासाठी गाळून ठेवलेलं.

मग बंद काचांमागून फुसफुस सुरू झाली,
सगळे स्वर एकदम आणि सूर कसलाच नाही.
ओळखीची वाटली. शुऐबाच्या प्लँटवर
आम्ही समुद्र उकळून त्याचं पिण्याचं पाणी करतो
तेव्हा पाळीभर हेच कानात असतं.

डावा दरवाजा ब्याण्णव सेंटिमीटर, रुवान वाचत गेला,
उजवा एकशे चाळीस.
जवळचा आधी पोचतो, म्हणून जवळच्याला थांबवायचं.
किती?
एक पूर्णांक चार मिलिसेकंद.
घाम त्याच्या हनुवटीवरून की-बोर्डवर पडला,
त्याने तो बाहीने पुसला आणि आकडा पुन्हा तपासला.

मिरजेला अब्बा तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवत,
एकदाच. फुंकर. बोटाने चाचपणी.
मग तारेखाली सुताचा दोरा, ओठांत ओला केलेला,
केसभर पुढे, केसभर मागे,
आणि तार मध्येच कधीतरी उघडायची,
दुकानातल्या रिकाम्या भोपळ्यांनाही कळायचं.
किती सरकवला, अब्बा?
उघडेपर्यंत.

माझा हात जड, हे त्यांनीच सांगितलं,
आणि व्हिसाचे पैसेही त्यांनीच भरले.

एका सीटसाठी करू की दोन्ही? रुवानने विचारलं.
दोन्हीसाठी केलं तर दोघांनाही थोडं चुकीचं ऐकू येईल.
शेजारच्या सीटवर माझं हेल्मेट होतं, जेवणाचा डबा,
गेल्या हिवाळ्यातला स्वेटर.
एका, म्हणालो.
दुसरं सेटिंग रिकामं ठेवतो, तो म्हणाला, कधी लागलं तर.
पैसे मोजताना त्याने पाच दिनार परत केले.
का, ते मी विचारलं नाही.

रात्री मंगफच्या रस्त्यावर फोनमधलं ते रेकॉर्डिंग लावलं.
बाहेर अठ्ठेचाळीस कॅफेंची होर्डिंगं, एकही माणूस पायी नाही.
अब्बा जवारी काढतायत, त्यांच्या शेवटच्या वर्षातली.
शंभरदा ऐकलेलं.
तंबोरा आता डाव्या दरवाजात नव्हता,
स्टिअरिंगच्या वर, काचेच्या मधोमध बसला होता,
त्यामागे हातगाडी, त्यामागे कुणाचं तरी कुलूप लावणं,
आणि तार विझत आली तेव्हा, अगदी खाली,
कंपनीने आजवर कापलेल्या जागेत,
अब्बांचा खर्जातला आवाज, स्वतःशीच:
अजून नाही.

पुढच्या पेट्रोल पंपावर गाडी बाजूला घेतली.
एसी बंद. इंजिन बंद. काचा वर.
हेल्मेट आणि डबा उचलून मागे ठेवला,
रेकॉर्डिंग सुरुवातीला नेलं,
आणि डोकं बरोबर माइकच्या जागी धरून बसलो.